प्रार्थना करूनही चिंता जात नाही; मग शास्त्रात सांगितलेली शांती आणि संरक्षण म्हणजे नेमके काय?

सांजवात :

सर्वांना सप्रेम सलाम.

माझ्या आईचे आजारपण लांबले आहे आणि त्यातच माझ्या नोकरीचेही काही निश्चित राहिलेले नाही. रोज रात्री मी प्रार्थनेला बसते. परंतु डोळे मिटले की पुढच्या तपासणीत काय निघेल, पैसे कुठवर पुरतील, मी कामावर असताना आईला काही झाले तर कोण धावून जाईल, हे सगळे एकामागून एक समोर येऊ लागते. देवाशी बोलायला म्हणून सुरुवात करते आणि थोड्या वेळाने जाणवते की मी देवाशी बोलतच नाही, त्याच चिंता पुन्हा एकदा उगाळत बसले आहे. उठते तेव्हा मन पूर्वीपेक्षा जड झालेले असते.

बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रातील, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातील, चौथ्या अध्यायाची सहावी आणि सातवी वचने मला पाठ आहेत. ‘सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली’ शांती आपली अंतःकरणे राखील, असे तेथे म्हटले आहे. मग ती मला का अनुभवास येत नाही? दुसरे असे की, संरक्षणासाठी बायबलच्या स्तोत्रसंहितेतील ९१वे स्तोत्र म्हणावे असे मला अनेकांनी सांगितले. परंतु ते स्तोत्र म्हणणाऱ्या विश्वासू माणसांवरही संकटे येतात हे मी पाहिले आहे, आणि त्यामुळे ते म्हणताना माझा आवाजच अडखळतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक बोचते. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एका वडीलधाऱ्या व्यक्तीने मला सांगितले की, चिंता करणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे होय. तेव्हापासून आईच्या काळजीबरोबर, आपण काळजी करतो याचीही काळजी मला लागून राहिली आहे.

कृपया मोकळेपणाने आणि शास्त्राच्या आधाराने सांगावे.

जैतूनपान :

सांजवातताई, सलाम. आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते ओझे आधी उतरल्याशिवाय बाकीचे काही नीट ऐकू येणार नाही असे मला वाटते.

आपण उल्लेखलेल्या सहाव्या वचनात ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असे लिहिणारा पौल त्या वेळी बंधनांत होता. आपल्या खटल्याचा शेवट सुटकेत होईल की मरणात, हे त्याला ठाऊक नव्हते आणि दोन्ही शक्यता त्याने पहिल्या अध्यायात उघडपणे मांडल्या आहेत. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकिगत येते. हा फिलिप्पैच्या मंडळीने पौलाच्या मदतीसाठी पाठवलेला माणूस. तो आजारी पडून मरणाच्या दारी पोहोचला होता. देवाने त्याच्यावर दया केली आणि आपल्यावरही केली, नाहीतर आपल्याला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल लिहितो, आणि त्याला परत पाठवल्याने आपल्या मनाचा भार हलका होईल हेही लपवत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तर फटके, दगडमार आणि जहाजफुटी यांची यादी दिल्यानंतर, सर्व मंडळ्यांविषयीची चिंता आपल्याला रोज ग्रासते असे तो म्हणतो. ज्याने आपल्याला चिंता न करण्यास सांगितले तो स्वतः आजारी मित्रासाठी व्याकूळ होत होता. त्याला कोणी अविश्वासी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. आईच्या आजारपणात आपले मन धास्तावते, ते प्रेमामुळे. ती धास्ती घेऊन कुणाकडे जायचे, एवढेच त्या वचनात सांगितले आहे.

आता आपला पहिला प्रश्न. चिंता उगाळणे आणि प्रार्थना करणे यांचा विषय एकच असतो, म्हणूनच एकातून दुसऱ्यात आपण केव्हा सरकलो हे कळत नाही. फरक असा की चिंता कुणाला उद्देशून नसते. ती ‘असे झाले तर’ या शब्दांनी सुरू होते आणि त्याच शब्दांपाशी परत येते. तिला ऐकणारा नाही आणि तिच्यात मागणेही नाही. पौल मात्र ‘आपली मागणी देवाला कळवा’ असे म्हणतो. मागणी कळवायची तर आपल्याला काय हवे आहे हे आधी ठरवावे लागते, आणि चिंताग्रस्त मन नेमके तेच टाळत असते, कारण हवे ते मिळाले नाही तर काय, ही भीती त्याच्या मुळाशी असते.

म्हणून माझी सूचना अशी की, मनातल्या मनात प्रार्थना न करता काही काळ ती मोठ्याने किंवा निदान ओठ हलवून करावी. ‘प्रभो, परवाच्या तपासणीची मला भीती वाटते’ एवढे एक वाक्य भीतीचे, आणि लगेच त्याला जोडून एक वाक्य मागणीचे: ‘तिचे दुखणे कमी कर, आणि निकाल काहीही आला तरी तो ऐकताना आम्हां दोघींच्या बरोबर राहा.’ मग पुढचा विषय. विचार पुन्हा भरकटला तर स्वतःवर न रागावता त्या भरकटलेल्या विचारालाच ‘प्रभो’ ही हाक जोडून टाकावी; तो विचारही मग मागणी होतो.

१३वे स्तोत्र याचा उत्तम नमुना आहे आणि ते अवघ्या सहा वचनांचे आहे. ‘कोठवर?’ हा प्रश्न स्तोत्रकर्ता पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारतो, परमेश्वर आपल्याला विसरला असे सरळ त्याच्या तोंडावर म्हणतो, मग ‘माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे’ अशी मागणी करतो, आणि अखेरच्या दोन वचनांत त्याच्या दयेवर भिस्त ठेवून गाऊ लागतो. मधल्या वेळात परिस्थिती बदलली असे स्तोत्रात कुठेही म्हटलेले नाही. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे अशा विलापांची आहेत, आणि ८८वे तर अंधारातच संपते. देवाच्या लोकांनी हे सारे प्रार्थना म्हणून जपले, यावरून घाबरलेल्या मनाने देवासमोर कसे बोलावे याची परवानगीच आपल्याला मिळते.

त्याच सहाव्या वचनातील ‘आभारप्रदर्शनासह’ या शब्दाविषयी एक खुलासा करतो, कारण त्याचा पुष्कळदा चुकीचा अर्थ लावला जातो. आजारपणाबद्दल आभार मानावेत असे पौल सांगत नाही. आजारपण चालू असताना जे काही खरोखर मिळाले, म्हणजे औषध लागू पडले, आईला शांत झोप लागली, कुणी चौकशीला आले, ते नाव घेऊन सांगावे. चिंता उद्याचे बोलते; आभार नेहमी घडून गेलेल्या गोष्टीचे असतात, त्यामुळे मन आपोआप ठाम जमिनीवर येते.

आणखी एक सांगायचे राहिले. सातव्या वचनात मागितलेले मिळेल असे वचन दिलेले नाही. ख्रिस्त येशूच्या ठायी अंतःकरण आणि विचार राखले जातील असे दिले आहे. लगेच पुढच्या वचनात जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध आहे त्याचे मनन करा असे पौल सांगतो, आणि थोडे पुढे गेल्यावर आहे त्या स्थितीत समाधानी राहण्यास आपण शिकलो आहोत असे म्हणतो. पौलालाही ते शिकावे लागले, म्हणजे त्याला वेळ लागला असणार. आपल्यालाही लागेल.

पायवाट :

जैतूनपान यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु एका ठिकाणी थोडी भर घालावीशी वाटते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू ‘चिंता करू नका’ असे पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्याचे ते बोलणे आज्ञेच्याच स्वरूपात आहे. ते केवळ सांत्वन आहे असे समजून बाजूला ठेवता येणार नाही. मात्र ती आज्ञा कशाच्या आधारावर उभी आहे तेही पाहावे. आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवून तो म्हणतो की, तुम्हांला या सर्वांची गरज आहे हे तुमच्या स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे. त्याच अध्यायात थोडे आधी त्याने ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही प्रार्थना शिकवली आहे. म्हणजे आजच्या दिवसापुरते मागा, आणि ‘उद्याची चिंता उद्याला’. ज्याने ही आज्ञा दिली त्याने ती पाळता यावी म्हणून प्रार्थनाही दिली. ताईंना दोष देणाऱ्या त्या वडीलधाऱ्या व्यक्तीने आज्ञा तेवढी सांगितली आणि प्रार्थना सांगायची राहून गेली, असे मला वाटते.

आता ९१व्या स्तोत्राविषयी. ताईंचा आवाज अडखळतो यात मला अविश्वास दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. या स्तोत्राचा आधार घेऊन सैतानाने स्वतः प्रभूशी वाद घातला होता, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि म्हणतो, खाली उडी टाक, कारण देव तुझ्याविषयी आपल्या दूतांना आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलून धरतील. हे शब्द ९१व्या स्तोत्राच्या अकराव्या आणि बाराव्या वचनांतले. प्रभूने ते वचन खोटे ठरवले नाही. परंतु देवाची परीक्षा पाहण्यासाठी ते वापरायलाही नकार दिला. जो माणूस ‘मी हे स्तोत्र म्हटले, आता मला काहीही होता कामा नये’ असे म्हणतो, तो नकळत त्याच शिरोभागी जाऊन उभा राहतो. तेच स्तोत्र पंधराव्या वचनात म्हणते की, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणारच नाही असे ज्याला सांगायचे आहे त्याने हे वाक्य लिहिले नसते.

मला या प्रश्नावर प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय सर्वांत प्रामाणिक वाटतो. हेरोद राजाने येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारले. नंतर त्याने दुसरा शिष्य पेत्र याला धरून तुरुंगात टाकले आणि चार-चार शिपायांच्या चार टोळ्या त्याच्यावर पहाऱ्याला ठेवल्या. मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करीत राहिली, आणि त्या रात्री देवदूताने त्याला बाहेर काढले. एकाच अध्यायात, एकाच राजाच्या हातून, एक प्रेषित मारला जातो आणि दुसरा सुटतो. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल असे मला मुळीच वाटत नाही. एक का गेला आणि एक का राहिला याचा खुलासा हे पुस्तक लिहिणारा लूक करीत नाही, आणि आपणही तो करू नये.

परंतु त्याच अध्यायात दोन गोष्टी आहेत त्या ताईंनी अवश्य वाचाव्यात. पहिली अशी की, सुटका होण्याच्या आधी, दुसऱ्या दिवशी हेरोद त्याला लोकांपुढे आणणार असताना, पेत्र दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडांनी बांधलेला असूनही झोपला होता. आपण जिला शांती म्हणतो ती हीच, आणि ती सुटकेच्या आधी आली होती. दुसरी गोष्ट प्रार्थना करणाऱ्यांची. पेत्र दाराशी येऊन ठोठावू लागला तेव्हा आत त्याच्यासाठीच प्रार्थना करीत बसलेल्या लोकांनी, पेत्र दाराशी आला आहे असे सांगणाऱ्या दासीला वेडी ठरवले. त्यांचा विश्वासच बसेना. एवढ्या डळमळीत विश्वासाने केलेली प्रार्थनाही देवाने ऐकली होती.

मूर्तीला नमन केले नाही तर आगीच्या भट्टीत टाकू अशी धमकी मिळाल्यावर शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी नबुखद्नेस्सर राजाला दिलेले उत्तरही असेच आहे: आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे; पण त्याने न सोडवले तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ‘न सोडवले तरी’ हे शब्द मनात ठेवून ९१वे स्तोत्र म्हणता येते, आणि तसे म्हटले तर ते घशात अडकत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ हे मागणे आहेच. संरक्षण मागू नये असे माझे म्हणणे नाही. रोज मागावे, आईसाठी मागावे, आणि त्याचे स्वरूप कसे असावे हे पित्यावर सोपवावे.

रात्रपाळी :

मी रुग्णसेवेच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडेच परंतु आवश्यक लिहिते.

ताई, झोप, जेवण आणि विश्रांती यांकडे दुर्लक्ष करून केलेली प्रार्थना अधिक आध्यात्मिक असते असे कृपया समजू नका. १ राजे या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया एका झुडपाखाली बसून, ‘आता पुरे, माझा प्राण घे’ अशी प्रार्थना करतो. देवाने त्याला त्या क्षणी उपदेश केला नाही. त्याला झोप दिली. दूताने स्पर्श करून उठवले तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. तो जेवला, पुन्हा झोपला आणि पुन्हा जेवला. देवाची मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर, होरेब पर्वतापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास झाल्यावर.

चिंता बहुतेक दिवस मनाचा ताबा घेत असेल, महिनोन्‌महिने टिकून असेल, झोप उडाली असेल, छातीत धडधड किंवा धाप लागत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे. चिंतेचा विकार हा खरा आजार आहे आणि त्यावर समुपदेशन व औषधे दोन्ही उपलब्ध आहेत. जगणेच नकोसे वाटू लागले तर मात्र एक दिवसही थांबू नये. जवळच्या माणसाला त्याच क्षणी सांगावे आणि तातडीने मदत घ्यावी. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे. आईसाठी आपण डॉक्टर आणि प्रार्थना यांपैकी एकाची निवड करीत नाही. स्वतःसाठीही करू नये.

सांजवात :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. एपफ्रदीताची हकिगत मी आजवर अनेकदा वाचली असेल, परंतु ती वचने आणि ‘चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन एकाच पत्रात आहेत हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. डॉक्टरांविषयीची सूचनाही मी गांभीर्याने घेते आहे.

एक गोष्ट अजून विचारायची आहे. दिवसा मोठ्याने बोलून प्रार्थना करणे मला जमेल असे वाटते. मध्यरात्री जाग येते तेव्हा मात्र शब्दच सुचत नाहीत. थकलेले मन वाक्य जुळवू शकत नाही, आणि आई शेजारीच झोपलेली असल्यामुळे मोठ्याने बोलताही येत नाही. अशा वेळी काय करावे?

मेणबत्ती :

सांजवातताई, शब्द सुचत नाहीत तेव्हा दुसऱ्यांचे शब्द उसने घ्यावेत. ख्रिस्ती लोक हे पहिल्या शतकापासून करीत आले आहेत. सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी मठवासीयांसाठी जो नियम लिहिला, त्यात दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेसाठी रोज तीच तीन स्तोत्रे नेमून दिली आहेत: ४थे, ९१वे आणि १३४वे. रोज तीच असल्यामुळे ती अंधारातही, ग्रंथ न उघडता म्हणता येतात. ‘रात्रीच्या समयाचे भय’ हे शब्द असलेले ९१वे स्तोत्र झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत का आले असेल हे आपल्याला वेगळे सांगायला नको. चौथ्या स्तोत्राचे शेवटचे वचन, म्हणजे परमेश्वर निर्भय ठेवतो म्हणून मी स्वस्थपणे पडून झोपी जातो या अर्थाचे, आपण पाठ करावे. त्याच वेळच्या प्रार्थनेत ३१व्या स्तोत्रातले ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ हे वाक्यही परंपरेने म्हटले जाते, आणि प्रभूने वधस्तंभावर प्राण सोडताना हेच वाक्य उच्चारले होते.

तेवढेही जमले नाही तर पूर्वेकडील (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांत रूढ असलेली छोटी प्रार्थना आहे: ‘हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ श्वास घेताना पहिला भाग आणि सोडताना दुसरा, असे संथपणे म्हणावे. त्यातले मागणे शुभवर्तमानातलेच आहे: यरीहोजवळच्या आंधळ्याची हाक आणि मंदिरात दूर उभ्या राहिलेल्या जकातदाराची विनवणी, दोन्ही लूकच्या अठराव्या अध्यायात सापडतात. ‘मज पाप्यावर’ या जागी कधी आईचे नाव घातले तरी चालेल.

पायवाट :

येथे एक शंका येऊ शकते, ती आधीच मांडतो, कारण माझ्यासारख्या पाठांतराच्या प्रार्थनांची सवय नसलेल्या अनेकांना ती येते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने व्यर्थ बडबड करू नका असे सांगितले आहे. मग तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे योग्य आहे का? त्याचे उत्तर मला गेथशेमाने बागेत, म्हणजे प्रभूने अटक होण्यापूर्वी जिथे प्रार्थना केली तिथे, मिळते. प्रभू ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो, तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ अशी प्रार्थना करतो, आणि तिसऱ्या वेळेस पुन्हा तेच शब्द बोलून त्याने प्रार्थना केली असे मत्तय स्पष्ट लिहितो. बडबडीने देवाला राजी करता येते ही समजूत त्याने नाकारली आहे. व्याकूळ माणसाने तेच ते बोलण्याला त्याची हरकत नाही, कारण तो स्वतः तसा बोलला. ताईंच्या प्रश्नाशी याचा आणखी एक संबंध आहे. लूक लिहितो की, त्या प्रार्थनेच्या वेळी स्वर्गातून आलेला दूत त्याला शक्ती देत होता, आणि तरीही तो अत्यंत विव्हळ होऊन अधिक आग्रहाने प्रार्थना करीत होता. देवाचे साहाय्य आले आणि वेदना चालूच राहिली, असे दोन्ही एकाच वेळी घडले.

जैतूनपान :

आणि शब्द मुळीच उमटले नाहीत तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील सव्विसावे वचन आपल्यासाठीच आहे. प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. रात्री दोन वाजता आपण फक्त उसासा टाकला तरी ती प्रार्थना होऊ शकते.

एक विनंती मात्र करतो. हे सारे आपण एकटीने करू नये. आईची प्रकृती साथ देत असेल तर रात्री निजण्यापूर्वी दोघींनी मिळून चौथे स्तोत्र म्हणावे. आजारी माणसालाही स्वतःची भीती बोलून दाखवायची असते आणि घरच्यांना त्रास होईल म्हणून पुष्कळदा तो गप्प राहतो. मंडळीतील विश्वासातल्या एखाद्या भगिनीला तपासणीची तारीख कळवून ठेवावी, म्हणजे त्या वेळी आपल्यासाठी आणखी कुणीतरी प्रार्थना करीत असेल. तपासणी कधी आहे ते आपल्याला योग्य वाटल्यास येथेही लिहावे. मी त्या दिवशी आपल्या आईसाठी आणि आपल्यासाठी प्रार्थना करीन, आणि येथील इतर मंडळीही करतील याची मला खात्री आहे.